तसबीर एक, किमती अनेक

सोलापुरात जुन्या वाड्याची वाटणी होते तेव्हा जागेचा फूट न् फूट मोजला जातो. सिटी सर्व्हेचे उतारे निघतात, सोने तोळ्यावर तोलले जाते, शेतीचे गट नंबर चारचारदा तपासले जातात. यादीच्या तळाशी मात्र एकच ओळ असते : ‘जुन्या तसबिरी, मूर्ती, पोथ्या व इतर किरकोळ सामान.’ उत्तर कसब्यात किंवा शुक्रवार पेठेत जी घरे शंभर वर्षांहून जुनी आहेत, तिथे घरातली सर्वांत मोलाची वस्तू नेमकी याच ओळीत असू शकते. कुणी तसबीर भंगारात देतो, कुणी मूर्ती पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेतो. किंमत काढलेली नसते, कारण अशा वस्तूंची किंमत काढून देणारी माणसे असतात हेच घरात कुणाला ठाऊक नसते.

या शहरात अशा वस्तू निघाव्यात याला कारण आहे. १८७७ साली इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी गिरणी, उभी राहिली. कापसाच्या आणि सुताच्या पैशावर सावकार, अडते, गिरणीवाले यांची घरे उठली. वारदांचे इंद्रभुवन त्यांतले सर्वांत देखणे. आज तिथे महापालिका आहे. शेजारी अक्कलकोट संस्थान, त्याचे शस्त्रागार आजही पाहायला मिळते. जैन घराण्यांनी हस्तलिखिते जपली. इथल्याच जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत १९४३ साली ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग हस्तलिखितांवरून संपादित होऊन निघाला. या शहराने वस्तू घेतल्या आणि सांभाळल्याही. त्यांची लेखी नोंद मात्र फार थोड्या घरांनी ठेवली.

नोंद आणि किंमत हे काम ज्याचे, तो कलावस्तूंचा मूल्यांकनकार. १९५७च्या संपत्ती कर कायद्याखाली मूल्यांकनकारांची सरकारी नोंदणी होऊ लागली. त्यात जमीन-इमारती, यंत्रसामग्री, दागिने यांच्याबरोबर कलाकृतींचा वेगळा वर्ग आहे. संपत्ती कर २०१५ साली रद्द झाला, पण ही नोंदणी प्राप्तिकराच्या कामाला येत राहिली. दागिन्यांचा मूल्यांकनकार आणि कलाकृतींचा मूल्यांकनकार एक नव्हेत. सोलापूरकराची पहिली गल्लत इथेच होते. तो मूर्ती घेऊन सराफकट्ट्यावर जातो.

देवघरातल्या टाकाचे उदाहरण घ्या. सराफ टाक तोलतो, चांदीचा कस पाहतो, भावाने गुणतो. त्याचे उत्तर चांदीपुरते बरोबरच असते. मूल्यांकनकार तोच टाक उलटा करतो. पत्रा हाताने ठोकून उठवला आहे की साच्यात दाबला आहे, मागे तांब्याचा पत्रा आहे का, खंडोबाचा घोडा, म्हाळसेची बैठक आणि पायाशी असलेला कुत्रा कोणत्या धाटणीचे, हे तो बघतो. झीजही बघतो. पिढ्यान्‌पिढ्या हळद आणि पाणी लागून आलेली झीज नाका-कपाळावर जास्त असते आणि खाचांत कमी. घासून मुद्दाम जुना केलेला टाक सगळीकडे सारखाच गुळगुळीत होतो.

किंवा माजघरातली रविवर्म्याची लक्ष्मी. रविवर्मा प्रेस १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छापील तसबिरी महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचल्या. बऱ्याच घरांत या छापालाच ‘ओरिजिनल’ समजतात. भिंगाखाली फरक कळतो. तैलचित्रात रंगाचे थर उंच-सखल असतात आणि कुंचल्याचे फराटे एकमेकांवरून जातात. छापात शिळेवरून उतरलेले बारीक ठिपके दिसतात, आणि कॅनव्हासचा भास देण्यासाठी कागदावर दाबलेली वीण चेहऱ्यावर, साडीवर, आकाशावर सारखीच उमटलेली असते. मग समास पाहायचा, तिथे प्रेसचे नाव असते. चौकटीत बसवण्यासाठी कुणी तो समास कापला असेल तर किंमत उतरते. काही तसबिरींवर घरातल्या बायकांनी देवीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या शिवलेल्या असतात. अशी तसबीर जगात एकच असते आणि संग्राहक तिच्यासाठी जास्त मोजतात. शेवटी तसबीर उलटी करून पाठ बघायची : वाळवीची रेघ, ओल, चौकट करणाऱ्या दुकानाची चिठ्ठी. माझ्या मते अर्धी हकिकत या पाठीवर असते, म्हणून चौकट बदलताना जुनी पाठ फेकू नये.

एवढे झाल्यावर खरा प्रश्न येतो : किंमत कशासाठी हवी आहे? तो प्रश्न न विचारता आकडा सांगणाऱ्याकडून अहवाल घेऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन.

विम्यासाठी हवी असेल, तर तशीच वस्तू आज बाजारातून पुन्हा मिळवायला किती लागेल हे पाहतात. हा आकडा सहसा सर्वांत मोठा. घराच्या किंवा दुकानाच्या आगीच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत दहा हजार रुपयांवरच्या कलावस्तू वेगळ्या लिहून दिल्याशिवाय धरल्याच जात नसत, आणि हस्तलिखितांचीही तीच गत. २०२१पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत दागिने, चित्रे अशा मौल्यवान वस्तूंना ठरलेल्या किमतीवर जादा संरक्षण घेता येते. एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही, त्यावर लागतो. ‘ठरलेली किंमत’ याचा अर्थ असा की नुकसान झाल्यावर वाद घालायचा नाही, वाद आधीच मिटवून आकडा पॉलिसीत लिहायचा. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीचे पाणी माढा-मोहोळकडच्या गावांत शिरले. अशा पुरात कागदपत्रेही भिजतात, म्हणून अहवालाची आणि फोटोंची एक प्रत घराबाहेर ठेवणे हे विम्याइतकेच गरजेचे आहे.

कराचे गणित वेगळे. तिथे खुल्या बाजारात त्या दिवशी ती वस्तू कितीला गेली असती, हा आकडा लागतो. २००७च्या वित्त कायद्यापर्यंत घरातले चित्र खासगी वापराची वस्तू म्हणून सुटत असे. त्यानंतर चित्रे, शिल्पे, पुरातन संग्रह ही भांडवली मालमत्ता झाली आणि विक्रीच्या नफ्यावर कर आला. वारशाने आलेल्या मूर्तीवर ती हातात येताना कर नाही, जवळच्या नातलगाने दिलेल्या भेटीवरही नाही. पण विकताना आजोबांनी ती कितीला घेतली हे दाखवावे लागते, आणि त्या पावत्या कुणाकडे असतात? म्हणून जुन्या वस्तूंना १ एप्रिल २००१ रोजीची बाजारभाव किंमत धरण्याची मुभा आहे. मूल्यांकनकाराला इथे मागे जावे लागते. त्या काळातले लिलावाचे कॅटलॉग, तशाच वस्तूंचे मिळालेले भाव, वस्तूची तेव्हाची अवस्था. हे सगळ्यांत कष्टाचे काम आहे आणि फी खरे तर याचीच असते. आजोबांनी संपत्ती कराचे विवरण भरले असेल आणि त्यात चित्राचा उल्लेख असेल, तर तो जीर्ण कागद आज सोन्यासारखा.

कोर्टात तिसरेच. वाटणीच्या दाव्यात अहवाल हा तज्ज्ञाचे मत म्हणून येतो, आणि देणाऱ्याला उलटतपासणीला उभे राहावे लागते. कशावरून, कोणत्या विक्रीशी तुलना करून, वस्तू स्वतः पाहिली का, हे प्रश्न येतात. मोल किती ताणले जाऊ शकते याची मोठी साक्ष आपल्या शेजारच्याच निजामाच्या घराण्याची. सोलापूरची हद्द त्याच्या मुलखाला लागून होती. त्याचे दागिने सरकारने घ्यायचे ठरल्यावर किमतीचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि १९९५ साली जेकब हिऱ्यासह १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना सरकारकडे आले. जागतिक लिलावगृहांचे अंदाज त्याहून कितीतरी वर होते. पण ते दागिने देशाबाहेर विकता येत नव्हते.

कायदा किंमत कशी घडवतो ते इथे दिसते. पुरावशेष व कलानिधी कायदा १९७२चा, तो १९७६पासून लागू आहे. शंभर वर्षे पार केलेली मूर्ती किंवा चित्र, आणि पंचाहत्तर वर्षे पार केलेले महत्त्वाचे हस्तलिखित, खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. दगडी, धातूच्या, हस्तिदंती, लाकडी मूर्ती, चित्रे आणि सचित्र पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते, आणि मालकी बदलली तर तेही कळवावे लागते. न्यू जर्सीतल्या मुलाला आजीचा पितळी बाळकृष्ण हवा असेल, तर वय शंकास्पद असताना आधी खात्याकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला घ्यावा. नियम मोडून बाहेर नेल्यास सहा महिने ते तीन वर्षे तुरुंगवास आहे. रविवर्म्याची मूळ चित्रे १९७९पासून राष्ट्रीय कलानिधी आहेत, म्हणून त्यांचे गिऱ्हाईक देशातच शोधावे लागते. उलट पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार हुसेनांचे १९५४चे ‘ग्राम यात्रा’ देशाबाहेरच, ऑस्लोच्या रुग्णालयात, कितीतरी दशके टांगलेले होते, म्हणून त्याला जगाचा बाजार खुला होता. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ते १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले.

चांगल्या अहवालात काय असते? मापे सेंटिमीटरमध्ये, सर्व बाजूंचे फोटो, माध्यम, दोष, डागडुजी, वस्तू कुणाकडून कुणाकडे आली याचा माग, तुलनेला घेतलेल्या विक्री, मूल्याचा हेतू आणि तारीख. फी किमतीच्या टक्क्यांवर नसावी. अमेरिकेत मूल्यांकनकारांच्या आचारसंहितेत हे बांधूनच दिले आहे, कारण टक्केवारीवाला माणूस आकडा फुगवतो. आणि किंमत सांगणाऱ्यानेच ‘मीच घेतो’ म्हटले, तर दुसरे मत घ्यावे, मग तो कितीही ओळखीचा असो. लिलावगृहे आणि जाणकार बहुतेक मुंबईत आहेत. पण पहिली चाळणी फोटोंवर होऊ शकते. घरच्यांनी एका रविवारी मूर्ती, तसबिरी, पोथ्या यांची मापे घ्यावीत, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला ‘ही कुठून आली?’ विचारून उत्तर तारखेसह लिहून घ्यावे. मूल्यांकनकार आल्यावर तो सर्वांत आधी हीच वही मागतो, आणि त्या वहीतल्या मजकुरावर अहवालातला आकडा पुष्कळदा हलतो.