बाळाची पहिली बैठक

उष्टावणाचा दिवस. मामाच्या मांडीवर बाळ बसलेलें असतें, खिरीचें बोट त्याच्या ओठांना लागतें, आणि समारंभ आटोपल्यावर आलेल्या भेटी उघडल्या जातात. पूर्वीं त्यांत चांदीची वाटी, झबलें-टोपडें किंवा खुळखुळा असे. हल्लीं वर्धा, हिंगणघाट, पुलगांव अशा ठिकाणींही एखादें मोठें खोकें निघतें. त्यांत प्लास्टिकची एक गोल चौकट असते. मध्यभागीं पाय घालण्यासाठीं दोन भोकें असलेली कापडी झोळी, आणि भोंवतीं घंटा, आरसा, फिरतीं चक्रें अशीं खेळणीं बसविलेला कठडा. चाकें मात्र नसतात. दुकानदार तिला ‘ॲक्टिव्हिटी सेंटर’ म्हणतात. एका जागीं राहणारी ही बाळाची बैठक असल्यानें तिला खेळबैठक म्हणणें सोयीचें होईल.

खोकें उघडतांच घरांत दोन पक्ष पडतात. सून म्हणते, “आई, यावर चौथ्या महिन्यापासून चालतें असें छापलेलें आहे.” आजी म्हणतात, “अगं, छापणाऱ्यानें आपलें बाळ पाहिलें आहे का? अजून त्यानें बूड कुठें टेकलें आहे?” सुनेला स्वयंपाक आणि नोकरीची वेळ दोन्ही सांभाळावयाचीं असतात; पंधरा मिनिटें हात मोकळे मिळाले तर तिला हवेच असतात. आजींना नातवाच्या कोंवळ्या पाठीची काळजी असते. दोघींचें म्हणणें रास्त आहे. प्रश्न एवढाच, कीं निर्णय कॅलेंडरावरून करावयाचा कीं बाळावरून?

याचें उत्तर मराठी भाषेंत पूर्वींपासून सांठविलेलें आहे. बाळ आधीं ‘मान धरतें’, मग ‘कुशीवर वळतें’, ‘पालथें पडतें’, ‘बूड टेकतें’, ‘रांगतें’, आणि शेवटीं ‘पाऊल टाकतें’. या क्रमाला शरीरशास्त्राचा आधार आहे. स्नायूंवरील ताबा डोक्याकडून पायांकडे उतरत जातो. जन्मतः मुलाच्या एकंदर लांबीचा सुमारें चौथा हिस्सा डोक्याचा असतो. एवढा भार तोलावयास मान आधीं तयार व्हावी लागते. मानेनंतर खांदे, मग पाठ, मग कंबर, आणि सर्वांच्या शेवटीं पाय, अशी ही वाटचाल असते. तींतील एखादी पायरी बाहेरच्या साधनानें भरून काढतां येत नाहीं.

कोणती पायरी केव्हां येते, याचें मोजमाप जागतिक आरोग्य संघटनेनें केलें आहे. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पांच देशांतील ८१६ निरोगी मुलांचें निरीक्षण करून तिचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. भारतांतील मुलें दिल्लीचीं होतीं. आधारावांचून बसण्याची क्रिया या मुलांपैकीं जवळजवळ सर्वांना ३.८ ते ९.२ महिने या मुदतींत साधली. आपल्या पायांनीं एकट्यानें चालणें तर ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलें आढळलें. शेंकडा चारांहून थोडीं अधिक मुलें हातां-गुडघ्यांवर रांगलींच नाहींत, आणि तरीही निरोगीच होतीं. एका निरोगी बाळाचें बसणें दुसऱ्या निरोगी बाळाहून पांच महिने उशिरां येऊं शकतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे खोक्यावरील आंकड्याची किंमत कळते. तो आंकडा फार तर ‘याच्या आधीं नकोच’ एवढें सांगतो. ‘आतां बसवाच’ असें सांगत नाहीं.

म्हणून खेळबैठकींत बसविण्यापूर्वीं तीन खुणा पाहाव्या. पहिली खूण मानेची. बाळास उताणें निजवून, खांद्यांना आधार देऊन हळूच उठवितांना डोकें मागें लोंबकळूं नये. ते शरीराबरोबर वर यावें. उभें धरलें असतां त्यानें मान न डुलवितां दोन्ही बाजूंस वळून पाहावें. मान पक्की नसतां उभें बसविल्यास हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाचा मार्ग आंखडतो. लहान बाळाला त्यांतून स्वतःची सुटका करून घेतां येत नाहीं.

दुसरी खूण पाठीची. सतरंजीवर बसवून कंबरेला केवळ दोन हातांचा हलका आधार दिला असतां पाठ ताठ राहावी. बाळानें दोन्ही हात पुढें टेकून कांहीं क्षण स्वतःला सांवरलें तर खूण पटली असें समजावें. तें एका बाजूस कलंडत असेल किंवा पुढें दुमडत असेल, तर झोळीही त्याला तसेंच दुमडून ठेवील. फरक इतकाच, कीं पडण्याची सोय नसल्यानें घरच्यांना तें दिसणार नाहीं.

तिसरी खूण तळव्यांची. झोळी सर्वांत खालच्या उंचीवर लावून बाळाचे तळवे जमिनीला पूर्ण टेकतात कीं नाहीं तें पाहावें, व गुडघे किंचित् वांकलेले असावे. पाय अधांतरीं लोंबत असतील तर कांहीं आठवडे थांबावें. बाळ केवळ चवड्यांवर उभें राहत असेल तर झोळी उंच झाली. चवड्यांवर जोर देण्याची संवय त्याला लागूं देऊं नये. बहुतेक बाळांच्या बाबतींत या तिन्ही खुणा चौथ्या आणि सहाव्या महिन्यांच्या दरम्यान, पुष्कळदां सहाव्याच्या जवळ, एकत्र येतात. अपुऱ्या दिवसांचें बाळ असेल तर वय जन्मतारखेपासून न मोजतां प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावें. दोन महिने आधीं जन्मलेलें बाळ सहा महिन्यांचें झालें तरी या कामापुरतें तें चार महिन्यांचेंच असतें.

खुणा पटल्या तरी वेळेची मर्यादा राहतेच. एका वेळीं पंधरा ते वीस मिनिटें, आणि दिवसांतून एक-दोनदां, एवढें पुरे. बाळ कंटाळलें, कलंडूं लागलें किंवा पेंगलें कीं त्यास लगेच उचलून सपाट अंथरुणावर निजवावें. बैठकींत झोंपूं देऊं नये. बैठक जमिनीवरच ठेवावी, दिवाणावर किंवा ओट्याजवळ नव्हे. कूलरची तार, पडद्याची दोरी आणि गरम चहाचा पेला बाळाच्या हाताच्या टप्प्याबाहेर असावा. वर्धा जिल्ह्यांत वैशाखांत पारा कधीं कधीं ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत जाड कापडाच्या झोळींत मांड्या घामेजून पुरळ उठतो. तेव्हां गार फरशीवरील सुती दुपटेंच बरें. आणि कितीही पक्की बैठक असली, तरी बाळ मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच असावें.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. खेळबैठक बाळाला बसावयास किंवा चालावयास शिकवीत नाहीं. तींत तोल झोळी सांभाळते, बाळ नव्हे. तोल सांभाळण्याचें शिक्षण जमिनीवर होतें: पालथें पडून मान वर करतांना, खेळण्याकडे हात लांबवितांना, कलंडून पुन्हां सांवरतांना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनाप्रमाणें, अद्याप हलूं-फिरूं न लागलेल्या बाळाला जागेपणीं दिवसभरांत मिळून निदान तीस मिनिटें पालथें ठेवावें, आणि एक वर्षाखालील मुलाला कोणत्याही पट्ट्यांत वा बैठकींत सलग एक तासाहून अधिक अडकवूं नये. सारवलेल्या ओसरीवर किंवा शहाबादी फरशीवर अंथरलेली गोधडी हें या शिक्षणाचें सर्वांत जुनें साधन आहे, आणि त्याला पैसे पडत नाहींत. कडेवर घेण्याची आपली रीतही मोलाची आहे. तींत मांड्या फांकलेल्या आणि आधारलेल्या राहतात, व खुब्याच्या सांध्याला ती स्थिति मानवते.

खेळबैठकीची गल्लत चाकांच्या ‘वॉकर’शीं मात्र होऊं देऊं नये. वॉकरमध्यें बसलेलें बाळ एका सेकंदांत तीन फुटांहून अधिक अंतर कापूं शकतें. जवळ असलेली आईही तेवढ्यांत पोंचत नाहीं. अमेरिकेंत १९९० ते २०१४ या काळांत पंधरा महिन्यांखालील सुमारें २ लक्ष ३० हजार मुलांना वॉकरच्या अपघातांमुळें रुग्णालयांत न्यावें लागलें. त्यांतील दहांपैकीं नऊ मुलांना डोक्याला किंवा मानेला इजा झाली होती, आणि बहुतेक अपघात जिन्यावरून गडगडल्यानें झाले होते. कॅनडानें २००४ सालीं वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. आपल्याकडचा सुताराचा तीन चाकी पांगुळगाडा या दोषापासून बराच दूर आहे. त्यांत बाळ बसत नाहीं. उभें राहून, स्वतःचा तोल स्वतः सांभाळून, तें त्याला ढकलतें. त्याचा काळ मात्र बाळ धरून उभें राहूं लागल्यावरचा, आणि उंबरा व पायऱ्या यांपासून लांबचा.

वर्ध्याच्या भूमीला हा विचार नवा नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबरांत येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेंत नई तालीमचा आराखडा पुढें आला, तेव्हां तो सात वर्षांपुढील मुलांपुरता होता. १९४४-४५ मध्यें गांधीजींनीं सेवाग्रामांत त्याची व्याप्ति वाढवून गर्भावस्थेपासून मृत्यूपर्यंत नेली. शिक्षणाचा आरंभ शाळेंत होत नसून आईच्या सहवासांत होतो, हें त्यांत गृहीत होतें. हें मान्य केल्यास खेळबैठकीचें स्थान आपोआप ठरतें. ती आईच्या हातांना थोडी उसंत देणारी वस्तु आहे, आणि तेवढ्यापुरती चांगली आहे. आईच्या, आजीच्या किंवा वडिलांच्या जागीं ती बसूं शकत नाहीं. सुनेचे हात मोकळे करण्याचा दुसरा उपायही घरांतच असतो: त्या पंधरा मिनिटांत वडिलांनीं गोधडीवर बाळासमोर पालथें पडावें!

बैठक केव्हां बंद करावी, हेंही बाळच सांगतें. तें कठड्याला धरून स्वतःला वर ओढूं लागलें, बाहेर चढूं पाहूं लागलें, चालूं लागलें, किंवा खोक्यावर दिलेल्या वजना-उंचीच्या मर्यादेला पोंचलें, कीं ती बैठक आवरून ठेवावी.

उलट, चार महिने पुरे होऊनही मान ठरत नसेल, नऊ महिन्यांपर्यंत आधारावांचून बसणें साधत नसेल, अंग फार ताठ किंवा फार लुळें वाटत असेल, अथवा बाळ एकच हात वापरीत असेल, तर साधनें बदलीत बसूं नये; बालरोगतज्ज्ञाला दाखवावें. अंगणवाडींतून मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर या पायऱ्यांची नोंद करण्याची सोय असते, आणि २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतून अशा मुलांची तपासणी होते. वेळींच दाखविलेल्या मुलाला पुष्कळ मदत होऊं शकते.

तोंवर उष्टावणाला आलेलें खोकें कपाटावर राहिलें तर बिघडत नाहीं. आजींनीं बाळाला गोधडीवर बसवावें, सुनेनें समोर खुळखुळा धरावा, आणि बाळ हात टेकून स्वतःला सांवरतें कीं नाहीं तें दोघींनीं मिळून पाहावें. ज्या दिवशीं तें सांवरेल, त्या दिवशीं खोकें उतरवावें.