एम्प्रेस मिल (नागपूर)

एम्प्रेस मिल ही महाराष्ट्रातील नागपूर शहरात जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी उभारलेली कापड गिरणी होती. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' घोषित करण्यात आले, त्यावरून गिरणीला हे नाव मिळाले. वाफेच्या शक्तीवर चालणाऱ्या बहुमजली औद्योगिक वास्तुरचनेचे मध्य भारतातील हे एक आरंभीचे उदाहरण होय.

स्थाननिवड

गिरणीसाठी १८७४ साली 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' १५ लाख रुपये भांडवलावर स्थापन झाली. मुंबईबाहेर, कापूस पिकतो त्या प्रदेशातच गिरणी काढावी, असा टाटा यांचा विचार होता. नागपूरला तीन गोष्टी अनुकूल होत्या : वऱ्हाड व वर्धा खोऱ्यातील कापूस, १८६७ पासून मुंबईशी जोडणारा लोहमार्ग आणि वरोरा येथील कोळसा. जुम्मा तलावाजवळची (सध्याचे गांधीसागर) दलदलीची जमीन भर घालून बांधकामायोग्य करण्यात आली. या भरावासाठी कर्ज देण्यास एका स्थानिक सावकाराने नकार दिला. जमशेटजी जमिनीत सोने पुरत आहेत, असे त्याचे मत होते. पुढे त्याने आपली चूक मान्य केली, असे जमशेटजींच्या चरित्रांत नमूद आहे.

वास्तुरचना

एकोणिसाव्या शतकातील गिरणीची रचना वाफेच्या इंजिनाभोवती ठरत असे. बाष्पकगृह, इंजिनघर व धुराडे हे संकुलाचे केंद्र असून तेथून दांडे व पट्ट्यांच्या साहाय्याने प्रत्येक मजल्यावरील यंत्रांना गती दिली जाई. गतिवहनाचे अंतर कमी राहावे, म्हणून कताईचे विभाग एकावर एक रचले जात. लोखंडी खांब, विटांच्या जाड भिंती व खिडक्यांच्या लांब रांगा ही या इमारतींची सामान्य लक्षणे होत. विणाईच्या मागांचे हादरे मोठे असल्याने ते शक्यतो तळमजल्यावर बसवले जात.

एम्प्रेस मिलमध्ये आरंभी सुमारे ३० हजार चात्या व ४५० माग होते. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे पूर्वी रेल्वेत होते, तर तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी पाहत. येथे जुन्या म्यूल यंत्रांऐवजी रिंग पद्धतीची कताई भारतात प्रथमच मोठ्या प्रमाणावर स्वीकारण्यात आली. म्यूल यंत्राचा गाडा पुढेमागे सरकत असल्याने त्याला बरीच मोकळी जागा लागते; रिंग यंत्र एका जागी अखंड चालते, त्यामुळे त्याच दालनात अधिक उत्पादन शक्य होते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तुटू नये म्हणून आर्द्रतायंत्रे, तर आगीपासून संरक्षणासाठी स्वयंचलित जलफवारे बसवण्यात आले. पुढे गिरणीची एकूण पाच केंद्रे झाली.

कामगार

१८७७ मध्येच वेतनाच्या प्रश्नावरून येथे संप झाला. भारतातील गिरणी कामगारांच्या नोंदलेल्या सर्वांत जुन्या संपांत त्याची गणना होते. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी व १८९५ मध्ये अपघात नुकसानभरपाई सुरू झाली. यासंबंधीचे कायदे देशात बऱ्याच नंतर आले. कोष्टी व महार समाजांतील अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह गिरणीवर अवलंबून होता. उत्तर नागपुरातील बेझनबाग या वस्तीच्या नावात मेहता यांची स्मृती टिकून आहे.

अखेर आणि वारसा

१९८६ मध्ये गिरणी राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. त्यानंतर बहुतेक इमारती पाडण्यात आल्या. जुन्या जागेच्या मोठ्या भागावर आता 'एम्प्रेस सिटी' हे निवासी व व्यापारी संकुल उभे आहे.

औद्योगिक इमारतीचा मूळ उपयोग संपला तरी तिचे आयुष्य संपतेच असे नाही. इंग्लंडमधील श्रूजबरी येथील जवसाच्या (फ्लॅक्स) धाग्याची गिरणी (१७९७) ही जगातील पहिली लोखंडी सांगाड्याची इमारत मानली जाते. १८८६ मध्ये ती बंद पडली. १८९७ पासून तिचे रूपांतर बिअरसाठी जवाचा माल्ट करणाऱ्या माल्टघरात करण्यात आले. धान्य भिजवून जमिनीवर पसरण्यासाठी मोठे, भक्कम मजले हवे होते, ते गिरणीत तयारच होते. केवळ उजेड व उष्णता आवरण्यासाठी अनेक खिडक्या बुजवाव्या लागल्या. १९८७ मध्ये माल्टघरही बंद झाले, परंतु जतनकार्यानंतर २०२२ मध्ये ही इमारत लोकांसाठी खुली झाली. नागपुरात मात्र गिरणीची वास्तू जवळजवळ लोपली असून तिचे नाव नव्या संकुलाच्या रूपाने उरले आहे.