गवताच्या मुरघासात काय मिसळावे?

पावसाळ्यात बांधावर संकरित नेपियर डोक्याएवढा वाढतो आणि उन्हाळ्यात जनावरांपुढे कडब्याशिवाय काही नसते. मुरघास हा त्यावरचा उपाय. परंतु मक्याचा मुरघास साधणाऱ्यांचाही गवताचा खड्डा अनेकदा बिघडतो. याचे कारण गवतातच आहे.

मुरघास टिकतो तो लॅक्टिक आम्लामुळे. हवाबंद खड्ड्यातील जिवाणू चाऱ्यातील साखरेपासून हे आम्ल तयार करतात. मक्यात साखर पुरेशी असते. यशवंत, फुले जयवंत यांसारख्या नेपियर वाणांत ती कमी व पाणी सुमारे ८० टक्के असते. आंबटपणा वेळेत आला नाही, तर चारा कुजतो व घाण वास येतो.

म्हणून प्रथम पाणी कमी करावे. गवत ५० ते ६० दिवसांचे असताना कापून अर्धा ते एक दिवस सुकवावे. कुट्टी मुठीत दाबल्यास हात ओलसर व्हावा, पण रस गळू नये. पावसामुळे सुकवता आले नाही, तर कोरडी कडबा कुट्टी मिसळावी.

एक टन कुट्टीसाठी प्रमाण:

• गूळ किंवा मळी : २० किलो, थोड्या पाण्यात कालवून प्रत्येक थरावर शिंपडावी. गवतासाठी हेच मुख्य पूरक.
• मीठ : ५ किलो, चवीसाठी.
• जिवाणू संवर्धक : पाकिटावरील प्रमाणानुसार. हे दुधाच्या विरजणासारखे आहे. साखर नसेल तर ते एकटे काम करीत नाही.
• युरिया : ओल्या गवतात टाकू नये. त्यापासून अमोनिया होऊन आंबटपणा लांबतो. तो प्रथिने कमी असलेल्या मका-ज्वारीसाठी, ५ किलोपर्यंतच व नीट मिसळून वापरावा.

कुट्टी २ ते ३ सें.मी. लांबीची करून थराथराने दाबावी आणि प्लॅस्टिक कागदाने हवाबंद झाकावी. कागदाला भोक पडल्यास गुळाचा खर्च वाया जातो, हे ध्यानात ठेवावे.

४५ ते ६० दिवसांनी खड्डा एका बाजूने उघडावा. पिवळसर हिरवा रंग व आंबूस-गोड वास ही चांगल्या मुरघासाची खूण. बुरशी आलेला भाग जनावरांना घालू नये. सुरुवातीस रोज ५ किलो देऊन सवय लावावी आणि मुरघास धार काढल्यानंतर घालावा, म्हणजे दुधाला वास येत नाही.