आरशासारखा शॉकअप
बीड शहरात रेल्वे आली ती सप्टेंबर २०२५मध्ये. तोवर सगळी भिस्त रस्त्यांवर, आणि खड्ड्याचा पहिला मार खातो तो दुचाकीचा पुढचा शॉकअप.

हौशी मंडळी तो चकाकवायला घरीच खोलतात. खालचा अ‍ॅल्युमिनियमचा नळा आधी २२०च्या, मग ४००, ८००च्या वॉटर पेपरने ओला घासायचा. आधीचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय पुढचा पेपर हाती घ्यायचा नाही. शेवटी पॉलिशचं मेण लावून कापडी बफ. आरसाच होतो! मात्र आतल्या सरकत्या नळीचा क्रोम खरवडला, की ऑइल सील गळू लागतं.

ब्रेकच्या डिस्कला तर चकाकीचा मोह नकोच. पॅड जिथे टेकतात तिथे बफचं मेण लागलं, तर ब्रेक पकडत नाही. पॅड धरणाऱ्या कॅलिपरचा ब्रॅकेट घरी कापणं त्याहून जोखमीचं. ब्रेक दाबताच सगळा ताण त्यावरच येतो.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या फेरफारांना लगाम घालतं. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप घडवली. २०२१च्या अखेरीस उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, ती नियमात बसत नाही हेही सांगितलं, आणि बदल्यात त्यांना बोलेरो देऊ केली.