आगगाडींत टेलिफोनवर बोलतांना

टेलिफोन ही वस्तु पूर्वीं एका जागीं स्थिर असे. घरांत, कचेरींत किंवा पोस्टांत ती मेजावर ठेवलेली असे, आणि ज्यास बोलावयाचें असेल त्यानें तिच्यापाशीं जावें, अशी रीत होती. पुढें गांवोगांवच्या दुकानांतून परगांवीं बोलण्याची सोय झाली, तेव्हां पुष्कळ दुकानदारांनीं त्या यंत्राभोंवतीं कांचेची एक लहानशी खोली केली. तींत एक माणूस कसाबसा उभा राही. पण दार लोटलें कीं आंतलें बोलणें आंत राही, व बाहेर खोळंबलेल्यांस केवळ ओंठ हालतांना दिसत. ३१ जुलै १९९५ रोजीं बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं मोबाईलवर संभाषण केलें, आणि आपल्या देशांत खिशांतल्या टेलिफोनाचा काळ सुरू झाला. यंत्र खिशांत आलें. कांचेचें दार मात्र मागेंच राहिलें.

त्या दाराची उणीव मुंबईच्या लोकलच्या डब्यांत जितकी भासते तितकी क्वचितच दुसरीकडे भासत असेल. सकाळीं कल्याणहून अथवा विरारहून सुटलेल्या गाडींत तिघांच्या बांकावर चौथा टेंकलेला असतो, आणि दोन बांकांच्या मधल्या अरुंद जागेंतही माणसें दाटीनें उभीं असतात. तेथें एकानें फोन कानास लावला कीं दहाबारा जणांस तो ऐकणें भागच पडतें. शिवाय त्याच गाडीच्या त्याच डब्यांत रोज बहुधा तींच माणसें असतात. आज ऐकलेल्या अर्ध्या गोष्टीस उद्यांचा अर्धा भाग जोडला जातो, आणि महिनाभरांत एखाद्याचा सर्व संसार अनोळखी लोकांस पाठ होतो.

शेजारीं दोघे गप्पा मारीत असले तर आपलें पुस्तक चालू राहतें. पण एकटाच कोणी फोनवर बोलूं लागला कीं तेंच पान पुन्हां पुन्हां वाचावें लागतें. असें कां व्हावें? अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, दोन्ही बाजू ऐकूं येणाऱ्या संभाषणापेक्षां एकच बाजू ऐकूं येणारें संभाषण लक्ष अधिक विचलित करतें. न ऐकूं आलेला भाग आपलें मन नकळत भरून काढूं पाहतें. ज्या विद्यार्थ्यास गाडींतच उजळणी करावी लागते, त्याला हें प्रयोगावांचूनही ठाऊक आहे.

आतां मोठ्यानें ओरडण्याविषयीं. एटिएन् लोंबार नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं असें दाखविलें कीं, भोंवतीं गोंगाट असला म्हणजे मनुष्य नकळत आवाज चढवितो. गाडीचा खडखडाट आपल्या कानांत शिरतो, म्हणून आपण ओरडतों. पण पलीकडचा माणूस आपल्या डब्यांत बसलेला नसतो, आणि यंत्राचें मुख तर आपल्या तोंडाजवळच असतें. आवाजाचे आंकडे बनून ते लहरींवरून जातात. लहरी तुटत असल्या तर कितीही ओरडलें तरी तुटलेले शब्द जुळत नाहींत. अशा वेळीं बोलणें थांबवून दोन ओळींचा निरोप लिहून पाठवावा, हेंच शहाणपणाचें. दाराशीं जाऊन बोलण्याचा उपाय तर करूंच नये. रुळांच्या कडेला उभे राहून हातावर काठीचा फटका मारणारे व फोन पाडून पळविणारे चोर मुंबईंत आहेत, आणि अशा फटक्यानें माणूसही खालीं पडूं शकतो.

गोंगाटापेक्षां गंभीर गोष्ट गुप्ततेची आहे. बँकेच्या खात्याचा क्रमांक, किंवा फोनवर आलेला परवलीचा आंकडा, डब्यांत मोठ्यानें वाचून दाखविणें म्हणजे तिजोरीची किल्ली बांकावर ठेवणें होय. "घरीं कोणी नाहीं, किल्ली शेजारीं ठेवली आहे," किंवा "मी उतरल्यावर एकटीच चालत येतें," ही वाक्यें निरुपद्रवी वाटतात. पण तीं ऐकणारे कोण आहेत हें बोलणाऱ्यास ठाऊक नसतें.

तरीही आपलें गुपित उधळण्याचा अधिकार निदान आपला असतो. मावशीच्या तपासणींत काय निघालें, भावाची नोकरी कां सुटली, पुतणीचें लग्न कोणत्या कारणानें मोडलें, हीं गुपितें मात्र आपलीं नव्हेत. पलीकडची व्यक्ति विश्वासानें बोलत असते. आपण गाडींत आहों हें तिला सांगितलें नाहीं, तर तो विश्वासघातच म्हणावा लागेल. आणि न विचारतां तिचा आवाज स्पीकरवर घालणें हें त्याहूनही वाईट. म्हणून पहिलें वाक्य असें असावें: "काका, मी गाडींत आहें, उतरल्यावर फोन करूं का?" तातडीच्या गोष्टी अर्थात् वेगळ्या. इस्पितळांतून निरोप आला असतां कोणीं संकोच बाळगूं नये. मात्र तेव्हांही "हो", "नाहीं", "येतों" एवढ्यावर बरेंचसें काम भागतें.

येथें पालकांसही एक विनंति आहे. मुलगा गाडींत असतांना दर दहा मिनिटांनीं "कोठें पोहोंचलास?" म्हणून विचारणारे पुष्कळ आहेत. गाडींत चढल्यावर एक व घरीं येण्यापूर्वीं एक असे दोन लेखी निरोप ठरवून घेतले तर काळजीही मिटते व फोनही वाजत नाहीं. "गणितांत किती गुण पडले?" हा प्रश्न वर्गमित्रांच्या घोळक्यांत उभ्या असलेल्या मुलाला विचारला जातो, तेव्हां त्याला खोटें बोलणें किंवा लाजणें यांपैकीं एक पत्करावें लागतें. "आतां बोलावयास मोकळा आहेस ना?" एवढें आधीं विचारावयास कितीसा वेळ लागतो?

नियमही झाले आहेत. जानेवारी २०२२ मध्यें रेल्वे खात्यानें गाड्यांतून फोनवर मोठ्यानें बोलण्यास व इअरफोनवांचून गाणीं लावण्यास मनाई केली. रात्रीं दहानंतर तर तिचें पालन विशेष काटेकोर व्हावें असें ठरविलें. २०२३ सालीं मुंबईच्या बेस्टनें बसमध्यें इअरफोनवांचून गाणीं व चित्रें मोठ्यानें लावण्यास बंदी केली. जपानांत प्रवाशांनीं फोनची घंटा बंद ठेवावी व डब्यांत बोलूंच नये, असा प्रघात आहे. परंतु हे नियम मुख्यतः आवाजाचे आहेत. हलक्या आवाजांत दुसऱ्याचें गुपित सांगणाऱ्यास कोणताही तिकिटतपासनीस दंड करूं शकत नाहीं.

राहतां राहिला ऐकणारा. कानांस पापण्या नाहींत, त्यामुळें ऐकूं येणें हा त्याचा दोष नव्हे. पण ऐकलेलें घरीं नेऊन जेवतांना सांगणें, किंवा शेजाऱ्याच्या फोनच्या पडद्याकडे डोकावणें, हें त्याच्या हातचें आहे. कोणी फारच मोठ्यानें बोलत असेल तर "आजोबा, जरा हळू बोलतां का?" असें नम्रपणें म्हणावें, पुष्कळदां त्या वृद्धास ऐकूंच कमी येत असतें, हेंही ध्यानांत असूं द्यावें. आणि एखादी बाई फोनवर बोलतां बोलतां रडूं लागली, तर काय झालें हें न विचारतां उठून तिला खिडकीजवळची जागा द्यावी.