औषध वाढवले म्हणजे गुण वाढतो काय?

चाळीच्या दारात तेलाच्या जुन्या डब्यात लावलेली सदाफुली आपण सर्वांनी पाहिली आहे. पाणी घालायला विसरले तरी ती फुलतच असते. या साध्या झाडापासून एक जालीम औषध मिळते. त्याचे नाव विनब्लास्टीन. १९५८ साली कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले. (घरी पाल्याचा काढा करून मात्र कोणीही पिऊ नये. ते विष आहे.)

हे औषध ज्या आजारांत देतात, त्यांपैकी एक आहे लँगरहॅन्स पेशी हिस्टिओसायटोसिस. नाव अवघड असले तरी गोष्ट समजण्यासारखी आहे. आपल्या कातडीत पहारेकऱ्यासारख्या पेशी असतात. पॉल लँगरहॅन्स या बर्लिनच्या विद्यार्थ्याने १८६८ मध्ये त्यांचे वर्णन केले. या आजारात तशाच दिसणाऱ्या पेशी बेसुमार वाढतात. हाड पोखरले जाते, कातडीवर पुरळ उठते, कोणाला न शमणारी तहान लागते आणि सारखी लघवी होते. मोठ्या माणसांत फुप्फुसाचा आजार बहुतेक बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो, आणि तिथे पहिले औषध म्हणजे बिडी सोडणे. छातीचा फोटो पाहून याला क्षयरोग समजण्याची चूकही होते. खात्री तुकडा काढून तपासल्यावरच पटते.

प्रौढांमध्ये हा आजार वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना होतो. मुलांत तो जास्त. म्हणून उपचारांचे ज्ञान मुलांवरून आले. १९८५ साली स्थापन झालेल्या हिस्टिओसाइट सोसायटीने देशोदेशीच्या डॉक्टरांना एकत्र आणून चाचण्या घेतल्या. विनब्लास्टीन आणि प्रेडनिसोन ही जोडी ठरली. मग प्रश्न आला, तिसरे औषध जोडले तर? चिठ्ठ्या टाकाव्या तसे मुलांचे दोन गट केले. एका गटाला जोडी दिली, दुसऱ्याला जोडीबरोबर मेथोट्रेक्सेटही. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. तिसऱ्या औषधाने गुण वाढला नाही. मात्र सौम्य प्रकारात उपचार सहाऐवजी बारा महिने दिले, तेव्हा पाच वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण शंभरात ५४ वरून ३७ वर आले. चाचणी झाली नसती, तर हे दोन्ही कळले नसते.

पण मोठा माणूस म्हणजे वजनाने वाढलेले मूल नव्हे. विनब्लास्टीनने हातापायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. हातावर पोट असणाऱ्या माणसाची बोटे बधिर झाली, तर त्याने हातोडी कशी धरायची? सुई कशी ओवायची? म्हणून सोसायटीने प्रौढांसाठी वेगळी चाचणी आखली. त्यात या जोडीला मर्कॅप्टोप्युरीनची गोळी जोडून आणि न जोडता तुलना करायची होती. अडचण एकच, रुग्ण थोडे आणि तेही जगभर विखुरलेले. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी हाडाचा आजार असलेल्या प्रौढांच्या जुन्या नोंदी तपासल्या. त्यांत ही जोडी कमी पडलेली आणि नसांना जास्त त्रास देणारी दिसली. सायटाराबीन हे एकटे औषध सरस दिसले. पण जुन्या नोंदी पाहणे वेगळे आणि चाचणी घेणे वेगळे. बीजिंगच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट व सायटाराबीन ही जोडी प्रौढांनाच देऊन पाहिली. तरीही सर्वांनी मान्य केलेली एकच जोडी आजही नाही.

यातून आपण काय घ्यायचे? "महागडी आणि जास्त औषधे म्हणजे चांगला इलाज" हा समज सोडायचा. आणि घरातल्या कोणाला अशा चाचणीत येण्यास विचारले, तर घाबरायचे नाही, पण आंधळेपणाने सहीही करायची नाही. संमतीपत्र आपल्या भाषेत वाचून घ्या. विचारा: नेहमीचा इलाज कोणता? नवे औषध का जोडता? हातापायावर, रक्तावर काय परिणाम होईल? मधेच सोडता येईल का? आपल्या देशातील २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणी केव्हाही सोडण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईचाही.

सही किंवा अंगठा आपला असतो. तो समजून उमजून दिला, तर त्यातून मिळणारे ज्ञान पुढच्या रुग्णाच्या कामी येते.