राजापूर : भरतीवर जगलेले बंदर

चिखलीसारख्या पठारावरील गावी वाढलेल्या वाचकास बंदर म्हटले की समुद्रच आठवतो. तथापि नदीकाठचीही बंदरे असतात. रशियातील निझ्नी नोव्हगोरोद हे ओका व व्होल्गा यांच्या संगमावरील नगर होय. मकार्येवची प्रसिद्ध जत्रा १८१७ साली तेथे हलविण्यात आली. कोकणातील राजापूरही अर्जुना व कोदवली यांच्या संगमी वसले आहे. परंतु व्होल्गेवरील नौकेस नदीचेच पाणी पुरते. राजापूरची होडी भरतीवर अवलंबून असे. मोठी गलबते खाडीच्या मुखाशी जैतापुरास थांबत, लहान होड्या माल घेऊन वर येत, आणि पुढे लादलेले बैल अणुस्कुरा घाटाने देशावर चढत. गलबत, होडी व बैल यांची ही सांधेजोड हेच राजापूरचे खरे भांडवल.

मिरी व कापड यांच्या ओढीने इंग्रजांनी १६४९ च्या सुमारास येथे वखार घातली. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरास दारूगोळा पुरविला. तराजू सोडून तोफेस हात घालण्याची ही हौस महागात पडली. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले आणि वखारवाल्यांस १६६३ पर्यंत कैदेत ठेवले.

बंदराचा घात मात्र गाळाने केला. पात्र उथळ होत गेले, होड्या खालीच अडू लागल्या. त्याच उथळ पात्रात आज पावसाळ्याचे पाणी मावत नाही, आणि पूर चढू लागला की जवाहर चौकातील व्यापारी माल घेऊन माळ्यावर धावतात.